आईसारखे दात

माझे दात तपकिरी आहेत. तंबाखू नाही, खर्रा नाही, साधी सुपारीसुद्धा नाही. चंद्रपूरकडच्या आमच्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, आणि त्याच पाण्यावर आम्ही सगळे वाढलो. आठवडी बाजारात आमच्या गावची माणसं दातांवरून ओळखू यायची. मला बघायला पाहुणे आले तेव्हा काकूनं कानात सांगितलं होतं, "हसू नको वं, चूप बस." लग्न झालं, नागपुरात आले, नोकरी लागली, तरी मी फोटोत अजून कुणाच्या मयतीला आल्यासारखी दिसते.

म्हणून मुलगी झाल्यावर मी ठरवलं, फ्लोराइड घरात येणार नाही. टूथपेस्टच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची आणि तो शब्द दिसला की खोकं परत फळीवर. सोसायटीतल्या बायकांनाही मी अक्कल शिकवत असे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर ताकच बंद करून टाकलं होतं.

मुलगी सहा वर्षांची झाली आणि तिची दाढ ठणकायला लागली. रामदासपेठेतल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी तिच्या तोंडात आरसा घालून मलाही वाकून बघायला लावलं. दुधाच्या दाढा काळ्या पडून पोकळ झाल्या होत्या. मागे नुकत्याच उगवलेल्या कायमच्या दाढा तेवढ्या शाबूत होत्या.

"ह्या वाचवू आपण. फ्लोराइड लावून देते," त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "त्याच्यानंच तर माझं वाटोळं झालं नं! मले विचारा तुम्ही!" मी ओरडले, आणि ओरडताना तोंड पूर्ण उघडलं गेलं. त्यांना काय ते दिसलं.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी शांतपणे समजावलं, "ताई, तुमचे दात हिरडीत तयार होऊन राहिले होते तेव्हा फ्लोराइड पाण्यातून रोज, जास्त, पोटात गेलं. ही तुमच्या गावचं पाणी पीत नाही. हिच्या दातांना वरून थोडंसं पाहिजे. मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट घ्यायची, घासायचं, थुंकायचं. गोड काय, सगळीच पोरं खातात. पण तेवढं केलं असतं तर कीड एवढी लागली नसती."

माझे कान तापले. गावच्या पाण्यावरचा राग मी पोरीच्या दाढांवर काढला होता, आणि वर त्याचा तोरा मिरवला होता. सोसायटीतल्या ज्या बायकांनी माझं ऐकलं, त्यांची पोरंही डोळ्यांसमोर आली.

बाईंनी छोट्या ब्रशनं तिच्या दातांवर औषध फिरवलं. चिकट होतं, आणि दात पिवळट दिसायला लागले. "आज घासू नका. उद्या घासलं की रंग जाईल," त्यांनी सांगितलं. पोरीनं आरसा मागून घेतला आणि खुदकन हसली.

"आई, माझे दात तुझ्यासारखे झाले वं!"

मी तिला घाईघाईनं खाली आणलं आणि ई-रिक्षात बसवलं. समोर एक अनोळखी बाई होती, मांडीवर गांधीबागेतल्या दुकानाची मोठी पिशवी. पोरगी तिच्यापुढे वाकून म्हणाली, "काकू, पाहा न, माझे दात आईसारखे आहेत. आई, तू पण दाखव न!"

त्या बाईची नजर माझ्या तोंडाकडे वळली, आणि मी तळहात दाबला तो पोरीच्या तोंडावर. चांगला जोरात. हाताखाली तिचे ओठ अजून हसतच होते. मग ते थांबले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं मी ह्या पोरीला एका पाण्यापासून जपत होते, आणि जे तिच्यापर्यंत पोहोचू द्यायचं नव्हतं ते आता माझ्याच हातानं दिलं होतं. मी हात काढला. "दाखव नं बेटा काकूले," मी म्हटलं. ती बाईही भली, म्हणाली, "दाखव नं वं, मी तर पाहिलेच नाही."

पोरगी बाहेर बघायला लागली. ओठ तिनं घट्ट मिटून घेतले होते.