फरशीखालचा जोड

ती घटना आजही आठवते ती डिझेलच्या वासासकट. आठवली की आधी राग येतो, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच असतो.

नऊ वर्षं फौजदारकी केली आणि वर्दी उतरवली. चौतिसाव्या वर्षी 'निवृत्त अधिकारी' म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मी आता आखातात निघालेल्या कामगारांसाठी पत्रकं काढतो. त्याआधी दोन वर्षं अबुधाबीत एका ठेकेदार कंपनीत चौकशी अधिकारी होतो. हे प्रकरण तिथलं.

खलिफा सिटीतल्या एका व्हिलात बॉयलर बसवला होता. वाळवंटात बॉयलर कशाला? पोहण्याच्या तलावासाठी. मालकांना जानेवारीत पाणी गार लागतं. मागच्या अंगणात डिझेलची टाकी, तिथून फरशीखालून बॉयलरच्या खोलीपर्यंत तांब्याची नळी. नळी टाकून महिना झाला आणि एका सकाळी, बॉयलर चाचणीसाठी पेटवलेला असताना, त्या खोलीत भडका उडाला. घरातली स्वयंपाकीण भाजली. केरळची बाई, टॉवेल वाळत घालायला गेली होती. दोन्ही हात गेल्यासारखेच.

पोलिसांचा तपास वेगळा चालू होता. कंपनीला त्यांच्यापुढे ठेवायला स्वतःचा अहवाल हवा होता, आणि तो काय असावा हे आधीच ठरलं होतं. साइट इंजिनिअर पुण्याचा. खुर्ची मागे रेलून मला म्हणाला, "सिंपल केस आहे. जॉइंट फेल. फिटर कोण? हा. खलास."

दुपारी कामगारांच्या कॅम्पवरच्या आचाऱ्याचा फोन आला. "साहेब, फिटरला ऑफिसात बसवलंय. सही कर, घरी जा म्हणतायत. तो करणार बघा."

मी गाडी काढली. फिटर संगमेश्वरकडचा, चाळिशीतला. समोर टाइप केलेला कबुलीजबाब, इंग्रजीत. पेन हातात.

"वाचलंस?"

"वाचता कुठं येतंय. सगळे म्हणतात सही केली की विमानात बसवतील."

"विमानात नाही, कोठडीत बसवतील. ठेव ते पेन."

असे कबुलीजबाब मी ओळखतो. ठाण्यात मीही लिहिलेत. माणूस बोलायच्या आधी कागद तयार असतो, त्याने फक्त अंगठा द्यायचा.

त्याला घेऊन व्हिलावर गेलो. फरशी उचलून ठेवली होती. इंजिनिअर आधीच हजर. त्याने बोट दाखवलं. नळीच्या मधोमध पितळी जोड, भोवती पांढरी टेप, टेपखालून डिझेल पाझरलेलं.

"बघा. याचं काम."

फिटर वाकला. जोडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माझा नाय हा. मी जमिनीखाली जोड देतच नाय. टाकीपासून खोलीपर्यंत एकच अखंड नळी ओढलीय, बाहेरच्या जाड पाईपातून."

"सगळे असंच म्हणतात," इंजिनिअर म्हणाला.

"मग सायेब, हा जोड त्या पाईपातून ओढून दाखवा. बांगडीतून नारळ घालून दाखवा."

मी मोजलं. जोड खरंच बाहेरच्या पाईपापेक्षा जाड होता. म्हणजे नळी ओढल्यानंतर कोणीतरी तो पाईप कापला होता. नीट पाहिलं तर कापलेल्या जागी काळी टेप गुंडाळलेली, जोड बघायला आता मध्ये उकललेली. बागेच्या पाण्याच्या पाईपांना लावतात ती. टेपमुळे डिझेल वाळूत न जाता पाईपातूनच उतारावर खोलीत जाऊन साचलं होतं.

"कोणाचं काम हे?" मी फिटरला विचारलं.

"मला सोडवायला आलात ना? झालं मग. पुढं विचारू नका सायेब."

मी विचारलं. धंदाच तो.

बागेच्या टोळीत प्लंबर एकच होता. खेडचा. फिटरच्याच खोलीत, समोरच्या खाटेवर राहणारा. पाच वर्षं दोघांचा डबा एक. त्याला समोर बसवला. दरडावावं लागलं नाही. खरा गुन्हेगार आधी पाणी मागतो, हा आधी त्या बाईचे हात कसे आहेत ते विचारत होता.

"बागेची लाइन टाकताना आमच्या कुदळीनं नळी तुटली," तो म्हणाला. "फिटरची सुट्टी होती. पोरीचा दहावीचा निकाल, फोनवर बसलेला. म्हटलं, कशाला उठवू? जोडून टाकू."

"टेप कुठली लावलीस?"

"पाण्याची. माझ्याकडं दुसरी असते कुठं? इंजिनिअर सायबांना दाखवला जोड. ते म्हणाले, गळताना दिसत नाही ना? यल्ला, चल, फरशी बसव."

पाण्याच्या नळाला चालणारा जोड डिझेलवर चालवला. मैत्रीपायी चालवला आणि हुकमाने झाकला. मी अहवालात तिन्ही गोष्टी लिहिल्या: नळी कशी तुटली, कोणी जोडली, 'फरशी बसव' कोण म्हणालं. सही करून कागद मॅनेजरच्या हातात दिला.

पोलिसांपुढे गेलेल्या अहवालात तिसरी गोष्ट नव्हती. इंजिनिअर म्हणाला, मला जोड कोणी दाखवलाच नाही. प्लंबरचं सही केलेलं निवेदन मूळ अहवालाला जोडलेलं होतं, तेही गायब झालं. माझ्याकडे प्रत नव्हती. लोकांना आयुष्यभर 'पोच घेतलीत का?' विचारणाऱ्या माणसाने स्वतः पोच घेतली नव्हती. पोलिसांना तोंडी सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागद मागितला.

फिटर सुटला. प्लंबर आत गेला. इंजिनिअरला दुसरी साइट मिळाली.

कंपनी सोडायच्या दिवशी कॅम्पवर गेलो. फिटर जेवत होता. समोरच्या खाटेवर प्लंबरची चादर घडी करून ठेवलेली.

"पोरगी काय म्हणते?" मी विचारलं.

"कॉलेजात गेली." त्याने डबा बंद केला. "सायेब, तुम्ही मला सोडवलंत, विसरणार नाय. पण टेपचे वेढे बघूनच मी त्याचा हात ओळखला होता. म्हणून म्हटलं होतं, विचारू नका."

विचारलं ते चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. त्या बाईच्या हातांचा हिशेब कोणीतरी विचारायलाच हवा होता. चुकलं ते हे, की तळातलं नाव सापडलं तसं मी काम झालं समजलो. ठाण्यातली सवय. वरच्या नावाला कागद लागतो, खालच्याला नुसतं बोट पुरतं.

माझ्या प्रत्येक पत्रकावर पहिल्या दोन ओळी ठरलेल्या असतात. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. पहिली ओळ कामगारांसाठी आहे. दुसरी छापताना मला खेडच्या त्या माणसाची चादर दिसते.