धनेशचा राहिलेला धवला

तळवलीच्या पुतळाबाई मरणाला कधी भ्यायल्या नव्हत्या. नवरा ऐन पस्तिशीत गेला तेव्हाही पदर खोचून त्यांनी घर ओढलं. पण वाशीच्या दवाखान्यातून परतताना रिक्षात त्या पहिल्यांदा भ्यायल्या, आणि कारण काय, तर डॉक्टरांचं चांगल्या मनानं बोललेलं एक वाक्य.

"गळ्यातली गाठ चांगली नाही, पण निघेल. आवाजाची नस तिला चिकटलीये, ती बहुतेक जाईल. पण जीव वाचेल, आजी. खाल, प्याल, हिंडाल-फिराल. अजून काय पाहिजे?"

अजून काय पाहिजे! पुतळाबाई धवलारीण होत्या हे त्या डॉक्टरला कोण सांगणार? आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारणीनं तो गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. एरवी विधवेला मांडवाच्या कडेला बसवणारी माणसं पुतळाबाईंना न्यायला घरी गाडी पाठवत. डीजे आल्यापासून बोलावणी निम्म्यावर आली होती, तरी ज्या मांडवात त्या बसत तिथे त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. तो गळा गेल्यावर जी बाई उरेल ती कोण, हे त्यांना काही केल्या दिसेना.

"आये, जीव वाचतो ना? मंग झालं," त्यांचा मुलगा धनेश म्हणाला.

"खाडीतला निवटा मासापन खातो, पितो, चिखलात हिंडतो," त्या म्हणाल्या. "मी तेवऱ्यासाठी जगू?"

धनेश पाणी आणायला उठला.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. रोज सकाळी जाग आली की पुतळाबाई डोळे न उघडता हळूच स्वतःचं नाव घेऊन बघत. आवाज आला की छातीतली धडधड थोडी बसे. आणि दुसऱ्या भीतीला जागा होई, कारण त्यांच्यामागे कुणीच शिकलेलं नव्हतं. त्या आधीच्या धवलारीण गोजराबाईंच्या पाठीशी बसून शिकल्या होत्या, तेही भर मांडवात. शब्द चुकला की गोजराबाई न बघता मागे हात घालून मनगटाला चिमटा काढायची. मांडवाबाहेर शिकायला बंदी होती. "धवल्यात पयलं देवांना आवतन असतं," गोजराबाई बजावायची. "लग्न नसताना आवतन दिलंस तर देव येतील, नवरी शोधतील, आन रिकाम्या हातानं जानार नायत. घरातलं मानूस नेतील." तांदूळ निवडताना सहज धवला गुणगुणलेल्या एका बाईची लेक आठ दिवसांत गेली, असंही ती सांगायची. खरंखोटं तिलाच ठाऊक. पुतळाबाईंनी मात्र चाळीस वर्षं घरात ओठ मिटून तांदूळ निवडले होते.

आणि आता पौष लागला होता. पंचक्रोशीत एक लग्न नव्हतं.

बुधवारी दुपारी त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. तीन वर्षांपूर्वीचं धनेशचं लग्न, ऐरोलीचा हॉल. हॉल चार तासांपुरता मिळाला होता, नाचगाण्यात वेळ गेला, आणि धनेश कानाशी येऊन म्हणाला होता, "आये, धवला राहू दे आता." गावभर गाणारी बाई पोटच्या पोराच्या लग्नात खुर्चीवर गप्प बसली होती. ते त्यांना अजून सलत होतं. त्यांनी सुनेला हाक मारली.

हेतल सारसोळ्याची, ऐरोलीत कंपनीत कामाला. सासूसाठी रजा काढून घरी होती.

"तुमचं लगीन झालं, पन देवांना आवतन गेलंच नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "ते आज देते. माझ्या मागं ओळ धरशील?"

"धरते की. थांबा आई, रेकॉर्डिंग लावते मोबाइलवर."

"मोबाइल नको. तो चुकला तं त्याला चिमटा कसा काढू?"

हेतल हसली. पुतळाबाईंना हसू आलं नाही. उशिरा दिलेलं आवतन देव मानतात की नाही, हे विचारायला गोजराबाई जिवंत नव्हती. आपल्याला नेलं तर नेऊ देत, उद्या तसंही सुरीखाली जायचं आहे. पण समोर पाटावर धनेश बसला होता, कपाळाला हळद लावून, लहानपणीसारखा अवघडून.

त्यांनी आवतन सुरू केलं. तिसऱ्या कडव्याला दाराची बेल वाजली. हेतल ओळ धरता धरता थांबली, धनेश उठायला गेला. पुतळाबाईंनी त्याचा खांदा दाबून खाली बसवला. अर्ध्यात तोडलेलं आवतन तर त्याहून वाईट. बेल पुन्हा वाजली, पुन्हा एकदा. डोळे मिटून त्या गात राहिल्या, आणि हेतल मागून चाचरत ओळी उचलत राहिली. आवतन पुरं झालं, पुढचं संध्याकाळपर्यंत झालं तेवढं झालं. दाराशी कोण होतं ते कधीच कळलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. "वाचलात, आजी!" डॉक्टर म्हणाले. पुतळाबाईंनी आपलं नाव घेऊन बघितलं. नुसती हवा आली. घरातून दुसरं कुणी गेलं नव्हतं. देवांचं बहुतेक आवाजावर भागलं, असं त्यांनी मानलं, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मग महिनाभर त्या खात, पीत, हिंडत-फिरत राहिल्या.

माघात गावातल्या मारोतीभाऊंच्या शर्मिलाचं लग्न निघालं. गाडी आली, या वेळी सासू-सून दोघींना न्यायला. पुतळाबाई नको म्हणून मान हलवत होत्या, पण हेतलनं त्यांना उठवलंच. मांडवात ती पुढे बसली आणि पुतळाबाई तिच्या पाठीशी, त्या गोजराबाईंच्या मागे बसायच्या तशा. हेतलनं माईक तोंडाशी धरला आणि आवतन सुरू केलं.

दुसऱ्या कडव्यात हेतलनं एका देवीचं नाव गाळलं. मांडवात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. शर्मिलाची आई तर डोळे पुसत होती. पुतळाबाईंचा हात आपोआप पुढे गेला आणि त्यांनी सुनेच्या मनगटाला करकचून चिमटा काढला.

"आई गं!" माईकमधून सगळ्या मांडवानं ऐकलं. बायका हसल्या.

हेतलनं ओळ पुन्हा घेतली, देवीच्या नावासकट. पुतळाबाईंनी मनगट सोडलं नाही. पुढे अजून एकवीस कडवी होती.