सारखं वजन, सारखा घाट

सातवीत शाळा सोडून मी आटपाडीहून साताऱ्याला आलो, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. तिथल्या एका डॉक्टरांनी मला ड्रायव्हर म्हणून ठेवलं, लायसन काढून दिलं, दवाखान्यामागची खोली दिली, गाडी हातात दिली. ते उपकार मी आजही मानतो. पण म्हणून दुसऱ्याच्या चुकीच्या बोलण्याला मान डोलवायची, हे मला कधी जमलं नाही.

डॉक्टरांनी अकराशे सीसीची नवी गाडी घेतली ती माझ्या सल्ल्यानं. दीड हजारची जुनी अजून विकायची होती. त्यांचे मेहुणे शाळेत शास्त्र शिकवायचे. नवी बघून म्हणाले, “इंजिन लहान म्हणजे ताकद कमी. ही पसरणीचा घाट चढायची नाही.”

“आवं मास्तर, दोन्हीला चाळीसच्या आसपासच घोड्यांची ताकद हाय. जुनीचे हवा आत घ्यायचे व्हॉल्व्ह बाजूला, तिला धड श्वास घेता येत न्हाई. हिचे वर हायत. ही जोरात फिरती, म्हणून लहान असून तेवढंच वढती.”

“सातवीतून पळालेला मला शिकवतोय! दाजी, घाटात मागं पडला तर याला गाडी धुवायलासुद्धा ठेवायचं नाही.”

आटपाडीत बापानं मेंढरं विकली होती. परत जाऊन करायचं काय?

“चालंल,” मी म्हणालो. “पण वजन सारखं करून.”

लाकडाच्या वखारीत बैलगाड्या तोलायचा काटा होता. नवी हलकी भरली. तिच्यात वाळूची पोती टाकली, शेवटी डॉक्टरांनाच बसवलं. वखारीतला हमाल म्हणाला, “लय भारी माल हाय रं, जपून ने.”

पायथ्यापासून निघालो. जुनी मास्तर चालवत होते. सुरुवातीला तीच पुढं गेली. कमी फेऱ्यांवर मोठं इंजिन चांगलं ओढतं, हे मला ठाऊक होतं.

“गड्या, मागं राहिलो की,” डॉक्टर म्हणाले.

मी गिअर खाली घेतला, पाय दाबला. इंजिन किंचाळायला लागलं.

“अरे, फुटेल ते!”

“न्हाई फुटत. असंच पळायला केलंय त्येला.”

चार वळणांत जुनीला गाठलं. वर पोचलो तेव्हा नवी पुढं होती, पण एका बैलगाडीएवढीच.

“एवढ्यानं काही जिंकला नाहीस,” मास्तर उतरत म्हणाले.

“जिंकीन म्हणालो कुठं? सारखी हाय म्हणालो. पटत नसंल तर चला परत खाली. तुमी ही घ्या, मी ती घेतो.”

मास्तर घड्याळाकडं बघायला लागले. डॉक्टर हसत उतरले. “पोती काढ आता,” मला म्हणाले. “रविवारी सगळ्या घराला घेऊन हिच्यातूनच यायचंय. चालवायची तूच.”

“थांब, एका बाजूनं धरतो,” मास्तर म्हणाले.

“नको,” मी म्हणालो. वजन सारखं करा म्हणालो होतो मीच; सगळी पोती एकट्यानंच उतरवली.