ऊसतोडीच्या यादीतली एक अट

इतकी वर्षं झाली, पण आमच्या हवालदाराच्या हातातलं दाभण आणि ते पाहून ओरडलेली ती मुलगी मला अजून जशीच्या तशी आठवते. त्या ओरडण्यानंच माझ्या तपासाची दिशा बदलली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी उमरगा भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. विहिरींचे तळ दिसत होते आणि शेतात उभा ऊस वाळत होता. अशा वर्षी तोड महिनाभर लांबली, तर उसाचं चिपाड होतं.

आमच्या हद्दीतल्या सहकारी साखर कारखान्यात त्या हंगामात कॉम्प्युटर आला होता. कोणाचा ऊस कधी तोडायचा, याची यादी तो छापून देई. नियम साधा होता: ज्याच्या लागवडीची नोंद आधी, त्याची तोड आधी.

एक दिवस साठीच्या एक आजी ठाण्यात आल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी नोंदीची पावती काढली.

"सायेब, ही तारीख बघा. माजी लागण आदी, अन् वरच्या गावातल्या समद्यांची दीड महिन्यानं. त्यांचा ऊस गेला बी, माजा उभा वाळतोय. इचारलं तर म्हंत्यात, कॉम्प्युटरनं ठरवलंय. त्यो काय वरच्या गावचा सोयरा हाय व्हय?"

मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. चौकशीला निघणार, तोच कारखान्याकडूनच लेखी फिर्याद आली. यादीत ऑपरेटरनं फेरफार केला, असा आरोप होता. फिर्याद दिली होती मुख्य शेतकी अधिकाऱ्यांनी. ऑपरेटर म्हणजे पंचविशीतली एक मुलगी, बुद्धविहाराच्या मागच्या आळीत राहणारी, त्या आळीतली पहिली पदवीधर. वडील शाळेत शिपाई. तिला आधीच निलंबित केलं होतं, आणि कारखान्याच्या फाटकावर जमलेले शेतकरी तिच्या नावानं बोटं मोडत होते.

गुन्हा नोंदवून मी कॉम्प्युटरच्या खोलीत पंचनाम्याला गेलो. पंच म्हणून एक मुख्याध्यापक आणि पोस्टमास्तर होते. मशीन दाखवायला त्या मुलीलाही बोलावलं होतं. कपाटात नोंदी साठवलेल्या काळ्या चौकोनी फ्लॉप्या निघाल्या. आमचे हवालदार जुने आणि शिस्तीचे माणूस. मुद्देमाल सुटा राहू नये म्हणून त्यांनी फ्लॉप्यांची चळत केली, दाभण काढलं आणि दोरा ओवायला पहिल्या फ्लॉपीवर टोक टेकवलं.

"भोक पाडू नका! सगळं पुसलं जाईल!" ती मुलगी ओरडली.

हवालदार दचकून थांबले. शेतकी अधिकारी दारात उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "करू द्या की त्यांना त्यांचं काम."

मी दोघांकडे पाहिलं. आरोपी पुरावा वाचवायला धडपडत होती आणि फिर्यादीला तो नष्ट झाला तरी चालणार होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं उलटं चित्र पाहिलं नव्हतं. फ्लॉप्या पाकिटात घालून, पाकिटावर लाखेचं सील लावून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी तिला वडिलांसह ठाण्यात बोलावलं. वडील बाहेर बाकावर बसेनात, उभेच राहिले. मी तिला सरळ सांगितलं, "ताई, मला यातलं काही कळत नाही. मला शिकवा."

"साहेब, तुमच्याकडं फिर्यादीचा छापील फॉर्म असतो ना?" ती म्हणाली. "आमच्यात त्याला टेम्प्लेट म्हणतात, म्हणजे साचा. त्यातला एकेक रकाना म्हणजे फील्ड. एका शेतकऱ्याचे सगळे रकाने भरले की झालं एक रेकॉर्ड."

"आणि कोड?"

"मशीनला काम सांगायची भाषा. ती मला येत नाही, इथं कोणालाच येत नाही. पण या पॅकेजमध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या तयार प्रोग्राममध्ये, ती लागतच नाही. ते बनवणाऱ्या पुण्याच्या लोकांनी कोड एकदाच लिहून ठेवलाय. आपण फक्त रकाने भरायचे. एक रकाना 'जर'चा, एक 'तर'चा. त्याला रूल म्हणतात. तुमच्याकडं वरून स्थायी आदेश येतो ना, अमुक झालं तर तमुक करा, तसा."

मी शाळकरी पोरासारखं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. माझी नात आज पुण्यात हेच काम करते. ती लो-कोड, नो-कोड म्हणते तेव्हा तिला वाटतं, आजोबांना काय कळणार! मला ते त्या दिवशी ठाण्यातच कळलं होतं.

"म्हणजे यादी बदलायला कोड यावा लागत नाही?"

"न्हाय साहेब," घाईत तिच्या तोंडून घरची बोली आली. "वाचता येणारा कोणीही बदलू शकतो. मी तापानं आठवडाभर रजेवर होते. परत आले तर चुकीची यादी फाटकावर लागलेली. शेतकी साहेबांना जाऊन सांगितलं, क्रम चुकलाय. तिसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद हातात."

त्यानंतर मी शेतकी अधिकाऱ्यांना चौकशीला बोलावलं. चहा मागवला. ते खुर्चीत रेलून बसले.

"यादी बदलायची तर काय करावं लागतं?" मी विचारलं.

"कोड लिहावा लागतो. तो एक पुण्याच्या इंजिनिअरला येतो, नाहीतर त्या ऑपरेटर मुलीला. आम्ही मातीतली माणसं, आम्हाला त्यातलं काय समजणार?"

"नक्की? कोडशिवाय होत नाही?"

"लेखी देतो."

आणि कारखान्याच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी त्यांनी ते लिहून दिलं. मी कागद घडी करून फाइलला लावला.

पुढचं काम साधं, पण चिकाटीचं होतं. दर शनिवारी त्या मुलीनं सगळ्या नोंदींची एक प्रत वेगळ्या फ्लॉपीवर काढून ठेवली होती. ती रजेवर गेली त्याआधीच्या प्रतीत रूल एकच होता: नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड. ती परतल्यावर काढलेल्या प्रतीत दुसरा रूल वाढला होता: जर गाव अमुक, तर क्रम पहिला. गाव तेच, आजींनी सांगितलेलं वरचं गाव. शेतकी अधिकाऱ्यांची सासुरवाडी. मुलीची रजा हजेरीपटावर होती आणि सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावरही. त्या आठवड्यात कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली एकदाच बाहेर गेली होती. पहारेकऱ्याच्या वहीत किल्ली नेणाऱ्याची सही स्पष्ट होती, शेतकी अधिकाऱ्यांची.

मग त्याच पंचांसमोर, कारखान्याचे अध्यक्ष आणि शेतकी अधिकाऱ्यांच्या देखत मी मशीनपुढं बसलो. मूळ फ्लॉपीला धक्का नको म्हणून आधी नवी प्रत काढून घेतली. ठाण्यातल्या टाइपरायटरवर मी दोन बोटांनी टाइप करायचो. त्याच दोन बोटांनी 'जर'च्या रकान्यात आजींचं गाव भरलं, 'तर'च्या रकान्यात 'पहिला'. प्रिंटर करकरला. आजींचं गाव यादीत सगळ्यात वर आलं.

"मला कोड येत नाही," मी म्हणालो आणि ते लेखी पत्र टेबलावर ठेवलं. शेजारी किल्लीची वही उघडून ठेवली. "आता बोला."

त्यांनी पाणी मागितलं. ग्लास संपवून हळूच म्हणाले, "मी फक्त गावाचा रकाना भरला. तारखांना हातसुद्धा लावला नाही."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे मला माहीत होतं. पण कागद आता स्वतःच बोलत होते. मी त्यांना तिथंच अटक केली.

त्याच संध्याकाळी मुलीचं निलंबन मागं घेण्यात आलं. तिनं तो रूल काढला आणि खरी यादी छापली. अध्यक्षांनी ती फाटकावर लावायला तिलाच पाठवलं. कालपर्यंत बोटं मोडणारी माणसं बाजूला झाली. कोणीतरी मोठ्यानं नंबर वाचू लागलं आणि प्रत्येक नावाला हाळी उठली. आजींचा नंबर तिसरा होता. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मुलीचं बोट धरून कागदावर ठेवलं. "हितं? हितंच हाय माजं नाव?" मुलगी "व्हय" म्हणाली, तशी आजींनी सगळ्यांसमोर तिची दृष्ट काढली. दोन दिवसांत तोडणीची टोळी त्यांच्या शेतात होती.

खटल्यात मुख्य साक्षीदार तीच. बचावाचे वकील नावाजलेले होते. त्यांनी तिला इंग्रजी शब्दांत गुंतवायचा प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "कोडची एक ओळही कोणी बदलली नाही, हे तुम्हीच सांगता. मग प्रोग्राम बिघडला कसा?"

ती न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, माणसाची बदली करायला कायदा बदलावा लागत नाही. छापील आदेशावर त्याचं नाव भरलं की बदली होते. यांनी तेच केलं."

न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आरोपीला शिक्षा झाली. पुढं ती मुलगी त्याच कारखान्यात कॉम्प्युटर विभागाची प्रमुख झाली.

त्या प्रकरणानं माझी एक खोड मोडली. तोवर कोणी जड शब्द वापरला की मी मान डोलवायचो. फौजदाराला कळत नाही, असं कोणाला वाटू नये म्हणून. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी समोर डॉक्टर असो, इंजिनिअर असो की माझेच वरिष्ठ, लेखणी खाली ठेवून म्हणायचो, "हा शब्द मला समजला नाही, सोपा करून सांगा." ज्याला खरंच ठाऊक असायचं, तो आनंदानं खुर्ची पुढं ओढायचा. आणि जो चिडायचा, त्याच्यासाठी मी आणखी एक चहा मागवायचो आणि पुढचा प्रश्न विचारायचो.