निळ्या लोकरीच्या गोधड्या

सिना आंटीने उभ्या आयुष्यात एकही गोधडी विकली नाही. क्रान्सड्रिफ्ट गावच्या शाळेत ती स्वयंपाकीण होती. पोटाची सोय त्यावर होती. गोधडी हा तिचा शौक. संध्याकाळी भांडी पालथी घातली की ती दारातल्या बाकावर बसायची, चिंध्यांची टोपली मांडीवर घ्यायची, आणि मग कुणी हाक मारली तरी तिला ऐकू जायची नाही. शाळेचे जुने झगे, चर्चचे उतरवलेले पडदे, पिठाच्या पिशव्या, मेलेल्या माणसांचे सदरे. कुणी पैसे पुढे केले तर म्हणायची, "ठेव तुझ्याजवळ. माझी मजा विकत घ्यायला निघालास होय?"

गावात मूल जन्मलं की बाप्तिस्म्याला सिना आंटीची गोधडी येणार, हे ठरलेलं.

हिवाळ्यात तिथली थंडी नदीवरून सरपटत येते आणि हाडात शिरते. लोक पोरांना चुलीशेजारीच निजवतात. चुलीतून ठिणगी उडते. पेटलेल्या पांघरुणात पोर गेल्याची गोष्ट दर दोन-चार वर्षांनी नदीकाठच्या कुठल्या तरी गावातून यायची. म्हणून आंटी दोन कापडांच्या मध्ये मेंढीची लोकर भरत नसे. डोंगरातली खाण चालू होती तेव्हा तिथला दगड दळायच्या गिरणीच्या मागे निळ्या तंतूंचे ढीग पडत. मऊ, हलके, दगडातून निघालेत हे सांगून खरं वाटू नये असे. गावात त्याला निळी लोकर म्हणत. खाणीच्या लेखी तो कचरा. आंटीचा नवरा पोती भरभरून घरी आणायचा. आंटी ती अंगणात पिंजायची, फुगवायची, थरावर थर घालायची. ती लोकर जळत नसे.

बाप्तिस्म्याची जेवणं झाली की आंटी चिमट्याने चुलीतला निखारा उचलायची आणि सगळ्यांदेखत नव्या गोधडीवर ठेवायची. वरचं कापड करपायचं, वाटोळं भोक पडायचं, आणि निखारा तिथेच काळा होऊन विझायचा.

"बघून घ्या," आंटी म्हणायची. "नरकात गेलात तरी पांघरता येईल."

पाद्री तोंड फिरवून हसायचा. मग आंटी तिथेच बसून भोकावर लाल ठिगळ लावायची. लाल ठिगळाची गोधडी नाही असं घर गावात उरलं नव्हतं. खाण बंद पडल्यावरही आंटीच्या पडवीत भरलेली पिंपं होती. ती कितीतरी वर्षं पुरली. ती संपल्यावर पोरं आईबापांच्या जुन्या गोधड्यांत निजू लागली.

खाणीत राबलेली माणसं खोकून खोकून मेली. आंटीचा नवराही तसाच गेला. ती पिढी संपली की हा खोकलाही संपेल, असं सगळे धरून चालले होते. मग आंटीच्या मैत्रिणीचे, हेस्टाचे दोन मुलगे त्याच खोकल्याने गेले. दोघांनी खाणीची फक्त बंद दारं पाहिली होती. आणि यंदा शेजारचा अब्राम अंथरुणाला खिळला. अब्राम शाळेची बस चालवायचा. त्याचा बाप धनगर, आजा धनगर. खाणीशी त्या घराचा संबंध नव्हता.

सिना आंटीला स्वतःला साधा खोकलाही नव्हता.

हिवाळ्याच्या तोंडावर दवाखान्यातली नर्स चर्चच्या हॉलमध्ये आली. तिने घट्ट बंद केलेली काचेची बाटली वर धरली. आत चिमूटभर निळी लोकर होती.

"हे घरात कुठे असेल तर सांगा," ती म्हणाली. "हलवू नका, झटकू नका. ओलं करा आणि प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. जाळायला तर जाऊच नका. हे श्वासातून छातीत जातं आणि तीस-चाळीस वर्षं गप्प बसून राहतं."

लोकांनी सांगितलं. कुणाच्या छपरात होती, कुणाच्या भिंतीच्या गिलाव्यात. गोधड्यांच्या पोटात काय आहे हे तरुणांना ठाऊकच नव्हतं, आणि म्हाताऱ्यांच्या ते डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल. आंटी मागच्या बाकावर बसली होती. तिने हात वर केला नाही.

घरी येऊन ती नवी गोधडी शिवायला बसली. या खेपेला मेंढीची लोकर. अब्रामला चार महिन्यांची मुलगी होती, आणि ती बापाच्याच जुन्या गोधडीत निजायची. आंटीने मनाशी बेत केला. नवी द्यायची, जुनी मागून आणायची, आणि कुणाला काही बोलायचं नाही. आठवडा गेला. ती शिवत होती तेवढ्या रात्री बाळ त्या जुन्या गोधडीखालीच होतं. हे तिला कळत होतं. तरी तिचे टाके बारीकच पडत होते. भराभर शिवणं तिच्या हाताला माहीत नव्हतं.

गोधडी घेऊन ती गेली तेव्हा अब्रामची बायको एलरोना चुलीपाशी होती. अब्राम उशांना टेकून बसला होता. त्याच्या मांडीवर लाल ठिगळाची गोधडी, आणि गोधडीत मुलगी.

"आली बघ," अब्राम म्हणाला. एकेका शब्दाला त्याला थांबावं लागत होतं. "आंटी, मी अजून मेलो नाही. आत्ताच कशाला पांघरूण आणलंस?"

"तोंड आवर, मेल्या. बाळाला आणलंय."

"बाळाला आहे की. माझी."

"ती जुनी झाली. विरलीय. मी घेऊन जाते, ठीक करते."

एलरोनाने नवी गोधडी हातात घेतली, उलटीपालटी केली. "किती जड आहे हो आंटी. आणि लाल ठिगळ कुठंय? निखारा नाही ठेवलात?"

"नाही ठेवला."

"मग ही जळेल."

"जळेल," आंटी म्हणाली. "चुलीपासून लांब निजव तिला."

"आंटीचं डोकं चळलं," अब्राम हसला. हसण्याचा खोकला झाला. एलरोनाने त्याच्या तोंडापुढे फडकं धरलं. खोकला निवल्यावर तो म्हणाला, "राहू दे, आंटी. पोरीला माझं म्हणून काही राहायला हवं ना? बस शाळेची, घर भाड्याचं. ही एकच वस्तू जन्मापासून माझी आहे." आणि त्याने ती गोधडी मुलीच्या अंगाभोवती नीट केली. थोपटली.

त्या थोपटण्याकडे आंटी पाहत राहिली.

"थोपटू नकोस," ती म्हणाली.

"का?"

"त्यात निळी लोकर आहे. नर्सच्या बाटलीतली. तुझ्या गोधडीत आहे. सगळ्यांच्या गोधड्यांत. मीच भरलीय."

चुलीवरचं दूध उतू गेलं. मग एलरोनाने पुढे होऊन मुलगी उचलली. गोधडी जमिनीवर पडली, तशी आंटी ओरडली, "झटकू नकोस! पाणी आण!" एलरोना मुलीला घेऊन बाहेर निघून गेली. पाणी आंटीनेच आणलं. गुडघ्यांवर बसून तिने ती गोधडी हळूहळू भिजवली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंड बांधलं. अब्राम वरून पाहत होता.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"शिवली तेव्हा नव्हतं."

"आणि हा आठवडा?"

"हा आठवडा होतं."

त्याने डोळे मिटून घेतले. त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसत होता. छत्तीस वर्षांचा होता तो.

एलरोना अंगणात मुलीला छातीशी धरून उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती आंटीला अहोजाहो करायची.

"किती घरांत दिल्यास?" तिने विचारलं.

"सगळ्या."

"मग जा. प्रत्येक दारात जा. आत जे बोललीस ते तुझ्या तोंडाने बोल. नर्सला पाठवू नकोस."

आंटी गेली. एका घरात तिला खुर्ची दिली. एकीने गोधडी दारातून तिच्या अंगावर फेकली. एकीने हात धरून सांगितलं, तुला काय ठाऊक होतं, आंटी, तू रडू नकोस. आणि ती स्वतःच रडली. दुपारनंतर दारं बंद मिळू लागली. बातमी तिच्यापुढे चालत होती.

शेवटचं घर हेस्टाचं. दोघी एका वर्गात होत्या. हेस्टाच्या घरात आता मूल नव्हतं, कुणीच नव्हतं. ते दार टाळलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

दार उघडंच होतं. टेबलावर ओल्या चादरीत गुंडाळून, पिशवीत बांधून दोन गोधड्या ठेवल्या होत्या. चुलीवर कॉफी उकळत होती. दोन पेले काढलेले.

"बस," हेस्टा म्हणाली. "सकाळीच कळलंय मला. पिशवी जाताना ने. आता कॉफी पी."

"हेस्टा, मला बोलायचंय."

"नको बोलूस. कळलंय म्हटलं ना. दुसऱ्यांनी सांगितलं ते दुसऱ्यांचं. तू बोलली नाहीस तर तू उद्याही येशील, बसशील. मला येणारं दुसरं कोण आहे, सिना?"

आंटी उभीच राहिली. हेस्टा पेल्यात साखर घालत होती. साखर टेबलावर सांडत होती.

"तुझे दोन्ही मुलगे माझ्या गोधड्यांनी गेले," आंटी म्हणाली.

हेस्टाने चमचा खाली ठेवला. सांडलेली साखर तिने तळहाताने गोळा केली आणि डब्यात परत टाकली. मग आंटीसाठी काढलेला पेला उचलला, पुसला आणि फळीवर ठेवून दिला.