आबांची चाल आणि ब्राझीलचा वाल्दिर

मी दुबईला निघालो त्या दिवशी आबा मिरजेत एका लग्नाच्या वरातीत होते. आमच्या बँडचे ते मास्तर. क्लॅरिनेट तोंडात, त्यामुळे वडिलांचा निरोप मला आधी डोळ्यांनीच मिळाला. दोन गाण्यांच्या मधे घाईघाईत म्हणाले, "पोचलास की कळीव," आणि पुढचं गाणं सुरू केलं. माझ्या जागी ट्रॉम्बोनला मावसभाऊ उभा होता. ट्रॉम्बोनवाला नेहमी पहिल्या रांगेत, कारण नळी पुढे सरकवायला जागा लागते. मी ती एकदा नवरदेवाच्या मामाच्या फेट्यात घातली होती, हे तुम्ही घरचे अजून विसरला नसाल.

दुबईत मी हॉटेलात वेटर झालो. राहायला सोनापूरचा कामगारांचा कँप, एका खोलीत आठ जण. मी बँडवाला आहे हे कुणाला सांगितलं नाही. पुण्या-मुंबईच्या साहेबलोकांपुढे तर मुळीच नाही. आणि तिथेच वाल्दिर दिसला. हा ब्राझीलचा गडी दर शुक्रवारी दुपारच्या जेवणाला हॉटेलात जॅझ वाजवायचा, तेही ट्रॉम्बोनवर.

त्याची हकीगत ऐकली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. बाप बेकरीवाला. हा गावच्या मिरवणुकीच्या बँडात शिकला, मग रिओतले क्लब, मग जहाजावरची नोकरी, मग दुबई. म्हणजे रस्त्यावरचाच, माझ्यासारखा. पण त्याच्यापुढे लोक काटे-चमचे खाली ठेवून ऐकायचे. आमच्यापुढे लोक नाचले, नोटा ओवाळल्या, आणि जेवायला मात्र आम्हाला शेवटच्या पंगतीला बसवलं. मी त्याला पाणी नेऊन द्यायचो आणि त्याचा एक तरी सूर चुकावा म्हणून वाट बघायचो. लेकाचा चुकायचा नाही.

एकदा त्याच्या रिहर्सलच्या वेळी मी टेबलं लावत होतो आणि माझा उजवा हात त्याच्या सुरांबरोबर आपोआप पुढे-मागे होत होता. त्यानं ते पाहिलं आणि ट्रॉम्बोन सरळ माझ्या हातात दिला. मी आबांनी स्वतः बांधलेली चाल वाजवली, लेक सासरी निघताना आमचा बँड वाजवतो ती. सवयीनं अशी फुंकली, की फटाक्यांच्या माळेवरही ऐकू यावी. मॅनेजर धावत आला. वाल्दिर हसला नाही. दार लावून त्यानं ती चाल माझ्याकडून तीन वेळा ऐकली आणि कुणाची, तेही विचारून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं ती वाजवली. अगदी हळू. त्या चालीत मागे उभा राहिलेला बाप आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्यानं माईकवर सांगितलं, की ही चाल भारतातल्या एका मास्तरांची आहे, त्यांचा मुलगा इथेच काम करतो, त्यानं पुढे यावं. माझ्या हातात उष्ट्या बशा होत्या. मी किचनमध्ये निघून गेलो. लाज वाटली म्हणून नव्हे. बापाची चाल परक्यानं माझ्यापेक्षा चांगली वाजवली, ते सहन झालं नाही.

आबांना फोनवर सांगितलं, एका ब्राझीलवाल्यानं तुमची चाल वाजवली, लोक बसून ऐकत होते. आबांनी विचारलं, "कसा वाजीवतो रं त्यो?"

"बरा. आपल्यासारखं नाही जमत त्याला."

"मग नीट शिकीव की. तू हाईस न्हवं तिथं?"

मी कसला शिकवतोय. वाल्दिर करार संपल्यावर युरोपात गेला. दोन वर्षांनी त्याची सीडी आली, त्यात ती चाल, आबांच्या नावानिशी. तोवर आबा गेले होते. आता मी बँक्वेट कॅप्टन आहे, म्हणजे मेजवान्यांच्या वेटरांचा मुकादम, आणि दुबईतच अल बर्शात बायको-मुलासह राहतो. परवा सीडी ऐकून मुलगा म्हणाला, "बाबा, ही इज सो गुड." माझ्या तोंडून अजूनही "बरा आहे" एवढंच निघालं.

तुम्ही विचारता, घरी कधी येणार. सुट्टी मिळते, तिकीटही परवडतं. पण ज्यांना सांगायचं ते मिरजेत नाहीत. माझं घर आता आबांशी झालेल्या तेवढ्या एका फोनात उरलंय. तो पुन्हा लागला तर सांगेन: आबा, त्यानं तुमची चाल माझ्यापेक्षा चांगली वाजवली. मी जळलो, म्हणून खोटं बोललो.