दलालांनी येऊ नये

चिन्मय आणि ईरा, रविवारी फोनवर तुमच्या बाबाने सांगितले की तुमचे तिथले घर विकायला काढले आहे आणि एजंटच्या दलालीचा आकडा ऐकून त्याचा चहा गार झाला. तेव्हा ईराने मागून विचारले, "आपलं घर आपल्यालाच नाही का विकता येत?" मी हसले, पण उत्तर दिले नाही, कारण उत्तर फोनवर मावण्यासारखे नव्हते. येते. तुमच्या आत्याआजींनी विकले होते. तुम्हांला मराठी वाचायला जड जाते म्हणून सोपे लिहिते आहे. अडलात तर बाबाला विचारा.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना आमच्या जुन्या पद्धतीप्रमाणे वन्सं म्हणत असे. त्या धारला शाळेत चित्रकला शिकवायच्या. नालछ्याच्या रस्त्याला लागून एक वसाहत आहे, तिथे त्यांनी आणि यजमानांनी घर बांधले. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या वर. यजमान गेले, गुडघे गेले, आणि जिना मात्र तिथेच राहिला. मुलगा मुकुंद बेंगळुरूला अकराव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत तूच घर विकून बघ. नाहीतर मी घर दलालाकडे देतो आणि तुला इकडे आणतो."

वन्संना अकराव्या मजल्यावर जायचे नव्हते. त्यांनी देवासला आमच्या गल्लीत तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा हेरून ठेवली होती. हिशेब साधा होता. दलालाला पूर्ण दलाली दिली तर त्या जागेला तेवढेच पैसे कमी पडत होते, आणि मुलापुढे हात पसरणे त्यांना मान्य नव्हते.

मग त्यांनी पत्र्याच्या पाटीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात रंगवले: "घर विकणे आहे. आत येऊन विचारावे. दलालांनी येऊ नये." रंग वाळायच्या आत कैलास भिया आला; इकडे भैयाला भिया म्हणतात. अर्ध्या धारची घरे त्याच्याच हातून विकली गेलेली.

"पढ़ा नहीं बाहर क्या लिखा है?" वन्संनी विचारले.

"पढ़ा, माताराम. पर मैं दलाल थोड़ी हूँ. मैं तो प्रॉपर्टी कंसल्टेंट हूँ."

वन्संनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "मग कंसल्टेंट पोहे खाईल का?"

हाच त्यांचा नियम होता. उंबरा ओलांडून आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, मग तो घर बघायला येवो की मीटर बघायला. पोह्यांवर शेव, वर लिंबू, शेवटी चहा. नालछ्याचे एक निवृत्त गृहस्थ घर बघून गेले, पुढच्या आठवड्यात मित्रांना घेऊन पुन्हा बघायला आले, त्याच्या पुढच्या आठवड्यात व्याह्यांना घेऊन. घराबद्दल त्यांनी एकदाही काही विचारले नाही. पोह्यांत मटार कधीपासून घालता, एवढेच विचारले.

पण खरी अडचण पोह्यांची नव्हती. "घर देणं म्हणजे मुलगी देणं," वन्सं म्हणायच्या. "दोष आधी सांगावेत. मागून कुरकुर नको." धरमपुरीहून एक कापसाचे व्यापारी सहकुटुंब आले. त्यांना घर फार आवडले. त्यांनी सहज विचारले, "माताजी, छत तो अच्छी है ना?"

"छत अच्छी है. पीछे की दीवार नालायक है. बारिश में रोती है."

व्यापारी थोडे मागे सरकले. वन्सं थांबल्या नाहीत. शेजारची बोअरची मोटर पहाटे कशी घरघरते, स्वयंपाकघरात चारनंतर ऊन कसे भाजते, सगळे सांगितले. जिन्याची वरची शेवटची पायरी तर कठडा धरून स्वतः वर जाऊन दाखवली. ती इतर पायऱ्यांपेक्षा चार बोटे उंच होती, कारण त्या दिवशी यजमानांचे आणि गवंड्याचे भांडण झाले होते. "हिच्यावर प्रत्येक पाहुणा एकदा तरी ठेचकाळतो," त्या अभिमानाने म्हणाल्या. तेवढ्यात व्यापारी ठेचकाळले. मग वन्संनी त्यांच्या पत्नीला विचारले, "सास-बहू में बनती है ना? इस घर में घरवालों का झगड़ा नहीं हुआ कभी." ते कुटुंब पोहे संपवून गेले ते गेलेच.

मी इंग्रजीची प्राध्यापिका, मला नीटनेटकेपणाची खोड. मी म्हटले, "वन्सं, विचारतील तेवढंच सांगावं."

"कुसुम, मग तुला दाखवायला आणलं तेव्हा तुझ्या वडिलांनी न विचारताच सांगितलं होतं की मुलीला स्वयंपाक येत नाही. केलीच ना आम्ही?"



कैलास भिया मात्र दर दोन-चार दिवसांनी यायचा आणि वन्संचे वरच्या मजल्यावरचे एखादे काम करून जायचा. "माताराम, ऐसे कोई घर बिकता है क्या? आप तो ग्राहक को भगा रिये हो. मेरे को दे दो, दो परसेंट में काम खतम."

"गिऱ्हाईक मी आणीन. तू फक्त रजिस्ट्रीच्या कागदांचं बघ. अर्धी दलाली."

"आधे में तो आधा ही बिकेगा."

"मग पोहेही अर्धेच मिळतील." पण बशी भरलेलीच यायची.

नवरात्र संपले. मुकुंदचे फोन वाढले. वन्संची चेष्टामस्करी कमी झाली. एकदा मी गेले तर त्या पाटीवरची धूळ पुसत होत्या, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिल्या. तेवढ्यात कैलास भिया आला. गच्चीवरच्या टाकीचे झाकण वाऱ्याने उडाले होते, ते बसवायला वन्संनी त्याला वर पाठवले. तो फोनवर कुणाशी तरी बोलत जिना चढला. शेवटच्या पायरीपाशी त्याने खाली न बघता पाय चार बोटे जास्त उचलला आणि तसाच बोलत वर गेला.

वन्संनी माझा हात दाबला. तो खाली आल्यावर विचारले, "कैलास, तुझं स्वतःचं घर कुठे आहे रे?"

त्याने फोन खिशात घातला. "किराये का है, माताराम. दूसरों के ही बिकवाता रहा."

"मग हे घे की."

"मैं? मेरे को तो इसके सारे ऐब मालूम हैं!"

"म्हणूनच म्हणते."

दोन दिवसांनी तो बायकोला आणि आईला घेऊन आला. बायको पायरीवर ठेचकाळली, सासूने तिला सावरले, आणि वन्संचा सासू-सुनेचा शेवटचा प्रश्न न विचारताच सुटला. मग भाव सुरू झाला. भिंत रडते, मोटर घरघरते, ऊन भाजते, असे एकेक सांगून कैलास भिया भाव पाडू लागला.

"ते मी सांगितलेले दोष आहेत," वन्सं म्हणाल्या. "तू काही शोधलेस का? सांगितलेल्या दोषांचे पैसे कमी होत नाहीत."

सौदा ठरला. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेले, "और मेरा कमीशन?"

"आरशासमोर उभा राहा आणि माग."

तरी रजिस्ट्रीच्या दिवशी त्यांनी अर्धी दलाली पाकिटात घालून त्याला दिली. तो नको नको म्हणत होता. "कागदांची धावपळ तू केलीस. दलाली पुरी द्यायची नाही, पण कष्ट बुडवायचे नाहीत," त्या म्हणाल्या. दिवाळीचा पहिला दिवा त्यांनी देवासला, तळमजल्याच्या दारात लावला.

तिथे त्या सुखाने राहिल्या आणि गेल्या थंडीत, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, शांतपणे गेल्या. तेराव्याला कैलास भिया धारहून आला आणि पंगतीत वाढायला उभा राहिला. कुणी सांगितले नव्हते.

परवा मी धारला त्याच्याकडे गेले होते. बसायच्या आधी पोहे आले. मागची भिंत त्याने दुरुस्त केली आहे, ती आता रडत नाही. पायरी तशीच ठेवली आहे. आणि बैठकीत, देवाच्या तसबिरीशेजारी, वन्संच्या अक्षरातली ती पाटी अजून टांगलेली आहे: दलालांनी येऊ नये.